पियानोचा सूर वाकत नाही

जॅझ पियानिस्ट आणि स्ट्रिंग क्वार्टेट एकत्र वाजवायला बसले, की मी आधी बघते ते एवढंच : कागद कुणापुढे आहे? क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. चौघांपुढे स्टँड, त्यावर स्वरलिपी. कुठला स्वर, किती वेळ, किती जोरात, सगळं आधीच ठरलेलं. अठराव्या शतकात हायडनने या चौकडीला जी घडी बसवून दिली, ती अजून मोडलेली नाही. जॅझवाल्यापुढे कागद असलाच, तर त्यावर एक धून आणि तिचे कॉर्ड. धून एकदा वाजवली, की त्याच कॉर्डची आवर्तनं फिरत राहतात आणि त्यांवर तो जागच्या जागी नवं रचत जातो.

मी पुण्यात मांडी घालून व्हायोलिन शिकले, लग्न होऊन जयपूरला आले आणि इथेच शिकवते. (गायक अल्लादिया खाँसाहेब इकडच्या उणियाऱ्याचे. ते शाहू महाराजांच्या कोल्हापुरात गेले आणि जयपूरच्या नावाचं घराणं मराठी मुलखात वाढलं. मी उलट दिशेने आले, तेही घराण्याशिवाय.) इतक्या वेगळ्या वळणाचे लोक एकत्र वाजवतात तरी कसे, असं विद्यार्थी विचारतात. मी त्यांना गावातलंच उदाहरण ऐकवते.

जयपूरचे पंडित विश्वमोहन भट्ट सतारियांच्या घरातले, रविशंकरांचे शिष्य. त्यांनी गिटारला चिकारीच्या आणि तरफेच्या तारा चढवल्या, ती मांडीवर आडवी घेतली आणि पोलादी दांडी तारांवरून सरकवत वाजवायला लागले. ही मोहनवीणा. तरफेच्याच बारा तारा. सगळ्या मोजल्या तर विसाच्या घरात जातात. अख्ख्या क्वार्टेटच्या सोळा! सप्टेंबर १९९२मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या एका चर्चमध्ये ते अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्यासोबत बसले. दोघांची ओळख झाली ती ध्वनिमुद्रणाच्या जेमतेम अर्धा तास आधी. तबल्यावर सुखविंदरसिंग नामधारी, आणि पेल्याच्या आकाराच्या डंबेकवर कूडरचा चौदा वर्षांचा मुलगा योआकिम. समोर लिहिलेलं काही नाही. त्यातून ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हा अल्बम झाला आणि १९९४मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं.

कूडर जॅझचा नव्हे, ब्लूजच्या वळणाचा. पण ब्लूज ही जॅझची आजीच. अर्ध्या तासाच्या ओळखीवर हे जमलं, त्याचं कारण मला तरी साधं वाटतं. दोघांच्याही हातात तारेवरून सरकणारी वस्तू होती. आपण जिला मींड म्हणतो ती ब्लूजवाला काचेच्या किंवा धातूच्या नळीने काढतो. दोन स्वरांमधल्या जागेत दोघंही आधीपासूनच राहत होते.

पियानोला ती जागाच नाही. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, सप्तकाचे बारा सारखे तुकडे. पट्टी दाबली की स्वर ठरला. दरबारी रागातला गंधार त्यावर शोधून बघा. व्हायोलिनच्या मानेवर पडदे नसतात, त्यामुळे क्वार्टेटवाले एकटे असतात तेव्हा शुद्ध गंधार कानाने किंचित उतरवून षड्जाशी मिळवून घेतात. पियानो आला, की ते स्वातंत्र्य आवरावं लागतं. वाकायचं ते तारांनी. लयीचंही तसंच. जॅझमधले दोन जवळचे स्वर कागदावर सारख्या लांबीचे दिसतात, पण वाजताना पहिला लांबतो, दुसरा आखूड होतो. हे झुलणं लिहून येत नाही. क्वार्टेटने कागदावरचं जसंच्या तसं वाचलं, तर कवायत ऐकू येते.

म्हणून अशा मैफलीत खरं काम लिहिणाऱ्याचं. कोलकात्यात जन्मलेले व्हायोलिनवादक जॉन मेयर यांनी १९६०च्या दशकात लंडनमध्ये जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासोबत हा खटाटोप केला. सतार-तबल्याकडचे पाच, जॅझकडचे पाच, पियानोसकट. रागावर बेतलेला भाग मेयर लिहून देत, हॅरियट मोकळ्या जागा भरत. मला त्यात सांधे दिसतात : आता यांची पाळी, आता त्यांची.

विजय अय्यर यांचं ‘म्युटेशन्स’ मला जास्त पटतं. अमेरिकेत वाढलेल्या या तमिळ कुटुंबातल्या पियानिस्टचा हा अल्बम २०१४मध्ये आला. मुख्य रचनेचे दहा भाग, त्यात स्ट्रिंग क्वार्टेट, पियानो आणि इलेक्ट्रॉनिक आवाज. तारांचे छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात आणि येताना बदलत जातात. पियानो बऱ्याचदा मागेच राहतो. नावाजलेल्या पियानिस्टने असं मागे बसायला धीर लागतो.

जयपुरात कुणी अशी मैफल ठरवलीच, तर माझी एक सूचना. आधी पियानो लावणारा माणूस शोधा. इथल्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, दोनशेहून जास्त तारांचा ताण बदलतो, आणि सकाळी लावलेलं वाद्य संध्याकाळपर्यंत तसंच राहील असं नाही. चौघं तंतुवादक पियानोच्याच स्वराला आपल्या तारा मिळवणार. तो उतरला असेल, तर तेही उतरणार.