सीमाभागातील बालशिक्षण आणि घरची बोली : जागतिक संशोधनाच्या प्रकाशात

प्रास्ताविक

दख्खनमधील अनेक मुस्लिम घरांत मूल चार वर्षे, चार महिने व चार दिवसांचे झाले की 'बिस्मिल्लाह'चा समारंभ करण्याची जुनी रीत आहे. वडीलधाऱ्यांच्या पाठोपाठ मूल पहिले शब्द उच्चारते, मिठाई वाटली जाते आणि मुलाच्या शिक्षणास आरंभ झाला असे मानले जाते. शाळेत नाव घालण्यापूर्वीच शिक्षण सुरू होते, ही जाणीव आपल्या समाजाला नवी नाही. मात्र या वयात मुलाला नेमके काय द्यावे, याविषयी आपल्याकडे बराच गोंधळ आहे. कोणी तिसऱ्या वर्षीच इंग्रजी मुळाक्षरे घोटून घेतो, तर कोणी अंगणवाडी म्हणजे केवळ खाऊची जागा समजतो. या संदर्भात जागतिक संशोधन काय सांगते आणि बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात त्याचा उपयोग कसा करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. दोन दीर्घकालीन अभ्यास

अमेरिकेत मिशिगन राज्यातील इप्सिलँटी या गावी १९६२ साली 'पेरी' बालशाळेचा प्रयोग सुरू झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुले निवडण्यात आली. त्यांपैकी ५८ मुलांना बालशाळेत प्रवेश मिळाला, ६५ मुलांना मिळाला नाही. रोज सकाळी अडीच तास शाळा भरे आणि आठवड्यातून एकदा शिक्षिका मुलाच्या घरी जाऊन आईशी बोलत असे. बालशाळेतील मुलांच्या बुद्ध्यांकात झालेली वाढ पुढे काही वर्षांत ओसरली. तथापि, चाळिसाव्या वर्षी पाहणी केली असता बालशाळेतील ७७ टक्के व्यक्तींनी शालान्त शिक्षण पूर्ण केल्याचे आढळले. दुसऱ्या गटात हे प्रमाण ६० टक्के होते. कमाईतही पहिला गट पुढे होता आणि पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण त्यात कमी होते.

दुसरा अभ्यास जमैका देशातील किंग्स्टन शहराचा. तेथे १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेली १२९ बालके निवडण्यात आली. काहींना दुधाचा पूरक आहार दिला गेला, काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जाऊ लागली, काहींना दोन्ही मिळाले आणि काहींना यांपैकी काहीच मिळाले नाही. घरी बनविलेली खेळणी घेऊन मुलाशी कसे खेळावे व कसे बोलावे, हे ती आईला दाखवी. हे काम दोन वर्षे चालले. वीस वर्षांनंतर असे दिसून आले की, ज्यांना हा खेळ व संवाद लाभला, त्यांची कमाई सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती. नुसत्या आहाराचा असा टिकाऊ परिणाम दिसला नाही.

याचा अर्थ आहार अनावश्यक आहे असा नव्हे. त्यास बोलण्या-खेळण्याची जोड हवी. तसेच केवळ वर्ग उघडल्याने काम होत नाही. अमेरिकेच्याच टेनेसी राज्यातील शासकीय पूर्वप्राथमिक वर्गांत गेलेली मुले सहाव्या इयत्तेपर्यंत इतरांच्या मागे पडल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. वर्गात प्रत्यक्ष काय घडते, यावर सारे अवलंबून आहे.

२. आपली अंगणवाडी

'अंगणवाडी' या शब्दामागे मराठी मुलखातील कार्य आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत, तेव्हा बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, हा त्यामागील विचार होता. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आपल्या राज्यात तिचा आरंभ म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर येथे झाला. पूर्वशालेय शिक्षण ही तिच्या सहा सेवांपैकी एक. व्यवहारात मात्र आहार, वजन आणि नोंदवह्या यांतच सेविकेचा वेळ जातो. २०२३ मध्ये केंद्र सरकारला 'पोषण भी पढाई भी' हा कार्यक्रम हाती घ्यावा लागला, तो यामुळेच.

३. बोलावे कोणत्या भाषेत?

आपल्या भागाचा खरा प्रश्न येथे उभा राहतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. औराद, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण इकडेच राहिले. या तालुक्यांत व शेजारच्या आळंदमध्ये एकाच गल्लीत कन्नड, मराठी आणि दख्खनी उर्दू ऐकू येते. तहान लागलेले एक मूल 'पानी होना' म्हणते, दुसरे 'पाणी पाहिजे' म्हणते, तिसरे 'नीरु बेकु' म्हणते. सेविकेला यांतील एकच बोली कळत असेल, तर उरलेली मुले गप्प बसतात. त्यांना मंद समजले जाते. वास्तविक ती मुले घरी भरपूर बोलत असतात.

युनेस्कोने १९५३ सालीच मातृभाषेतून शिक्षणाची शिफारस केली होती. पहिल्या भाषेत पक्क्या झालेल्या संकल्पना दुसऱ्या भाषेत उपयोगी पडतात, ही मांडणी जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये केली. राज्यघटनेतील कलम ३५० क प्राथमिक टप्प्यावर भाषिक अल्पसंख्याक मुलांसाठी मातृभाषेतील शिक्षणाची सोय सांगते. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नेही तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे. घरची बोली जपल्याने कन्नडचे नुकसान होत नाही. उलट राज्यभाषा शिकण्यास तोच पाया उपयोगी पडतो. दख्खनीतील 'नक्को' व मराठीतील 'नको' सांगतात की, येथील भाषा मुळातच एकमेकींच्या शेजारणी आहेत.

४. महाविद्यालयीन अध्यापकांनी काय करावे?

आपल्या वर्गातील अनेक मुली उद्या माता, सेविका किंवा शिक्षिका होणार आहेत. म्हणून पुढील गोष्टी सहज करता येतील :

(१) विद्यार्थ्यांकडून दादी-नानीच्या गोष्टी, कोडी व बडबडगीते तिन्ही भाषांत संकलित करून जवळच्या अंगणवाडीस द्यावीत.

(२) सेविकेसाठी रोजच्या वापरातील शंभर शब्दांची कन्नड-मराठी-दख्खनी यादी तयार करावी.

(३) चिंध्या, बिया, रिकामे डबे यांपासून खेळणी करण्याची कार्यशाळा घ्यावी व मातांना बोलवावे.

(४) पालकसभेत लेखनाची घाई न करता मुलाशी बोलण्याचे महत्त्व समजावून सांगावे.

निष्कर्ष

इप्सिलँटी असो वा किंग्स्टन, तेथे महागडी साधने नव्हती. मुलाच्या घरी जाणारी, त्याच्या आईशी बोलणारी एक व्यक्ती होती. सीमाभागातील मुलाला त्याच्या घरच्या बोलीत उत्तर देणारी अशी व्यक्ती अंगणवाडीत मिळावी, एवढीच गरज आहे. ती तयार करण्याचे काम शासनाइतकेच आपल्या महाविद्यालयांचेही आहे.