गावाचं नाव बदललं, वेबसाइटच्या पत्त्याचं काय?

क्रांती चौकाजवळ माझं छोटं ऑफिस आहे. दुकानदार, दवाखाने, क्लासवाले यांच्या वेबसाइट मी करून देते. फेब्रुवारी २०२३मध्ये केंद्राने शहराच्या नामांतराला मान्यता दिली, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि तेव्हापासून लोक एकच प्रश्न घेऊन येऊ लागले : ‘ताई, वेबसाइटच्या पत्त्यात जुनं नाव आहे. बदलावं का? आणि बदललं तर गूगलवर खाली तर जाणार नाही ना?’

प्रश्नाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. पत्ता बदलल्याने कुणी खाली जात नाही. तो ज्या रीतीने बदलला जातो, त्याने जातं.

पत्त्याचे दोन भाग असतात. पहिला डोमेन, म्हणजे ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’पर्यंतचं नाव. ते आपण दरवर्षी पैसे भरून राखतो. त्यापुढे तिरप्या रेघेनंतर येतं ते एकेका पानाचं नाव. शहराचं नाव बहुतेकांनी डोमेनमध्येच घातलेलं असतं, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की शोधणारा जे शब्द टाइप करतो तेच डोमेनमध्ये असले की गूगल वर दाखवतं. एके काळी त्यात थोडं तथ्य होतं. पण निव्वळ शब्द जुळतात म्हणून सुमार साइटला मिळणारा हा फायदा गूगलने सप्टेंबर २०१२मध्ये कमी केला. तरी आजही ‘बेस्ट’, धंद्याचं नाव आणि गावाचं नाव अशी मोळी बांधून डोमेन विकत घेणारे भेटतात. तो पैसा वाया जातो, असं मी त्यांना स्पष्ट सांगते.

शिवाय नवं नाव रोमन लिपीत सलग लिहिलं तर २४ अक्षरं होतात. जुनं १० अक्षरांत मावत होतं. ‘छ’ला कुणी एक एच लावतं, कुणी दोन. काउंटरवर उभं राहून गिऱ्हाइकाला असा पत्ता सांगून पाहा, म्हणजे अडचण कळेल. म्हणून माझा आग्रह असतो की डोमेनमध्ये आपलं स्वतःचं नाव असावं, गावाचं नको. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचंच बघा. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार झाला आणि पुढे वेबसाइटचा पत्ता झाला ‘बामू डॉट एसी डॉट इन’. त्यात बाबासाहेबांचं नाव आहे, मराठवाडा आहे, शहर नाही. शहराचं नाव बदललं तेव्हा त्या पत्त्याला हात लावायची गरज नव्हती.

आणखी एक गोष्ट. जानेवारी २०२५पासून मोबाइलवरच्या निकालांत गूगल फक्त डोमेन दाखवतं, पुढचा पत्ता दाखवत नाही. आपल्याकडे शोधाशोध बहुतेक मोबाइलवरच होते. म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर राहतं ते डोमेनच.

पानांच्या नावांबद्दल थोडक्यात सांगते. दोन-चार अर्थपूर्ण शब्द पुरेत, मध्ये आडवी छोटी रेघ. खालची रेघ नको, हे गूगलच्या मार्गदर्शनातही आहे. सगळं लहान लिपीत, कारण मोठं अक्षर आणि लहान अक्षर हे दोन वेगळे पत्ते धरले जाऊ शकतात. वर्ष, भाव, ऑफर यांतलं काही नको. ‘दिवाळी २०२४’ असं नाव दिलेलं पान पुढच्या दिवाळीला काय कामाचं? या शब्दांचं वजन गूगलच्या हिशेबात अगदी हलकं आहे. वजन असतं ते पानावरच्या मजकुराला. पत्त्यातले शब्द मुख्यतः माणसासाठी असतात, म्हणजे लिंकवर बोट ठेवण्याआधी तिथे काय मिळेल ते त्याला कळावं.

मग पानाचं नाव देवनागरीत द्यावं का? मला हा प्रश्न मनापासून जवळचा वाटतो. गूगलला देवनागरी वाचता येते, आणि वाचकाच्या भाषेतले शब्द वापरा असं ते स्वतःच सांगतं. ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेन तर २७ ऑगस्ट २०१४पासून मिळतं. अडचण लिंक पाठवताना येते. पत्त्यातल्या प्रत्येक देवनागरी खुणेचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. ‘क्रांती-चौक’ एवढं कॉपी केलं तर अनेकदा ९१ अक्षरांची अगम्य माळ तयार होते. व्हॉट्सअ‍ॅपवर ती आली की लोक फसवणुकीची लिंक समजून उघडतच नाहीत. त्यात ‘नोकऱ्या’मधला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो; डोळ्यांना तो सारखाच दिसतो, संगणकाला नाही, आणि पान सापडत नाही. म्हणून लेख, कविता, बातम्या यांच्यासाठी मी देवनागरी पत्ते आनंदाने करते, पण ज्याचं पोट लिंक पाठवण्यावर आहे त्या दुकानदाराला पत्ता रोमनमध्ये देते आणि पानावर भरपूर, नेटकी मराठी लिहिते.

आता बदलाकडे येते, कारण खरं नुकसान इथेच होतं. हिमरू आणि पैठणी विकणाऱ्या एका दुकानाची साइट माझ्याकडे आली. नामांतरानंतर आधीच्या कुणीतरी डोमेन बदललं होतं, जोडीला सगळ्या पानांची नावंही, आणि जुने पत्ते तसेच सोडून दिले होते. अजिंठा-वेरूळला येऊन गेलेल्या प्रवाशांनी वर्षानुवर्षं आपापल्या लिखाणात त्या दुकानाच्या लिंक दिल्या होत्या. त्यातली प्रत्येक लिंक ‘पान सापडत नाही’वर जाऊन आपटत होती. अशा लिंक ही दुकानाची कमाई असते. गूगल त्यांच्यावरूनही साइटची पत जोखतं.

यावर उपाय जुना आणि साधा आहे. दुकान हलवलं की जुन्या शटरवर नव्या जागेची पाटी लावतात, तशी पाटी इथेही लावता येते. तिला ‘३०१ रीडायरेक्ट’ म्हणतात, म्हणजे ‘हे पान कायमचं तिकडे गेलं आहे’ असा निरोप. पाटी प्रत्येक पानाला वेगळी हवी. शालीचं जुनं पान शालीच्याच नव्या पानावर गेलं पाहिजे. सगळे पत्ते मुखपृष्ठाकडे वळवले तर गूगल ते पान नाहीसं झालं असं धरू शकतं. मग गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पत्ताबदलाची नोंद करायची. वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याने १९९८मध्येच लिहून ठेवलं की चांगला पत्ता बदलत नाही. पण गावाचंच नाव बदललं तर निदान जुना पत्ता मुका तरी होऊ नये.

पानाच्या मजकुरात मात्र दोन्ही नावं ठेवा. परदेशातला पर्यटक अजून जुनं नाव टाइप करतो आणि विमानतळाचा ‘आयएक्सयू’ हा कोडही तोच आहे. रेल्वे स्टेशनचं नाव ऑक्टोबर २०२५मध्ये बदललं, आता नव्या नावाने शोधणारे वाढतील. जवळची खूण म्हणून चौकाचं नाव लिहा. १८५७च्या उठावाची आठवण सांगणारा हा क्रांती चौक शहराचं नाव बदललं तरी क्रांती चौकच आहे.

रीडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवावा असं गूगल सांगतं. मी म्हणते, परवडेल तितकी वर्षं ठेवा आणि जुन्या डोमेनची फी भरत राहा. मुदत संपली की ते कुणीही घेऊ शकतं, आणि जुगाराच्या साइट चालवणारे अशाच जुन्या, पत असलेल्या नावांवर टपून असतात.