सोर्स तोच, मशीन वेगळं: पायथन स्वतः बिल्ड करण्याबद्दलचे गैरसमज

पायथन वापरणाऱ्या बहुतेकांनी तो कधी बिल्ड केलेला नसतो. विंडोजवर इन्स्टॉलर चालवला, लिनक्सवर तो आधीच होता, काम सुरू. बिल्ड करायची वेळ येते ती जुन्या सर्व्हरवर नवी आवृत्ती हवी असते तेव्हा, किंवा भाषेच्या गाभ्यातच एखादी दुरुस्ती करून बघायची असते तेव्हा. मग साधारण 20 एमबीचं सोर्सचं गाठोडं उतरवायचं आणि त्यातून आपल्या मशीनवर पायथन उभा करायचा. या कामाबद्दल धास्तीही बरीच आहे आणि भाबडेपणाही.

गैरसमज 1: हे येरागबाळ्याचं काम नाही.

वस्तुस्थिती: आपण रोज वापरतो त्या पायथनचा, म्हणजे सीपायथनचा, इंटरप्रिटर हा सी भाषेत लिहिलेला एक प्रोग्राम आहे. लिनक्स आणि मॅकवर तो तयार करायला मुख्य आज्ञा तीनच लागतात: कॉन्फिगर, मेक आणि इन्स्टॉल. सध्याच्या लॅपटॉपवर साधा बिल्ड काही मिनिटांत होतो.

‘कॉन्फिगर’ ही चौकशी करणारी स्क्रिप्ट आहे. कंपाइलर कोणता, पूर्णांकाला किती बाइट लागतात, अमुक फंक्शन या सिस्टिमवर आहे का, असे शेकडो प्रश्न ती छोटे छोटे प्रोग्राम कंपाइल करून मशीनलाच विचारते. उत्तरांवरून मेकफाइल तयार होते. पुढचं काम ‘मेक’चं. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली ते लिहिलं. त्यांच्या एका सहकाऱ्याने चूक दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली, आणि बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधण्यात त्याची सकाळ गेली. म्हणून मेक फाइलींच्या वेळा ताडून पाहतं आणि जे बदललं तेवढंच पुन्हा कंपाइल करतं.

गैरसमज 2: मेक निमूट संपलं, म्हणजे पायथन पूर्ण तयार झाला.

वस्तुस्थिती: सर्वांत जास्त लोक फसतात ते इथे. एसएसएल, झेडलिब, एसक्यूलाइट, सीटाइप्स, टीकेइंटर यांसारखी मॉड्यूल्स बाहेरच्या लायब्रऱ्यांवर उभी असतात. लायब्ररी सापडली नाही तर बिल्ड थांबत नाही. ते मॉड्यूल वगळून पुढे जातो आणि शेवटी वगळलेल्यांची यादी छापतो. स्क्रीनवरून शेकडो ओळी सरकत असताना ती यादी कोण वाचतं? दोन दिवसांनी पॅकेजं आणणारं पिप काहीही डाउनलोड करायला नकार देतं, कारण पायथनमध्ये एसएसएलच नसतं.

‘पण एसएसएलची लायब्ररी, ओपनएसएसएल, तर माझ्याकडे आहे,’ असं यावर हमखास ऐकू येतं. असतंही. पण डेबियन आणि उबुंटूवर लायब्ररी चालवायचं पॅकेज वेगळं आणि तिच्यावर दुसरं काही बांधायला लागणाऱ्या हेडर फाइलींचं पॅकेज वेगळं असतं. दुसऱ्याच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असतं, फेडोरावर ‘डेव्हेल’. मॅकवर ओपनएसएसएल बहुतेक जण होमब्रूमधून आणतात आणि ते कुठे ठेवलंय हे कॉन्फिगरला सांगतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! म्हणून आधी डेव्ह पॅकेजं, मग कॉन्फिगर, आणि शेवटची यादी वाचल्याशिवाय इन्स्टॉल नाही.

गैरसमज 3: सोर्स एकच, म्हणजे बिल्डची पद्धतही सगळीकडे एकच.

वस्तुस्थिती: विंडोजवर कॉन्फिगर आणि मेक दोन्ही नाहीत. तिथे व्हिज्युअल स्टुडिओ लागतो, आणि सोर्समधल्या ‘पीसीबिल्ड’ फोल्डरमधली बॅच फाइल चालवायची असते. नवख्याला उलट विंडोजच सोपं वाटू शकतं, कारण ओपनएसएसएल, एसक्यूलाइट वगैरे बाहेरचा माल ही बॅच फाइल स्वतःच उतरवून घेते.

मॅकवर वेगळीच गंमत. बिल्ड झाल्यावर फोल्डरमध्ये पायथन डॉट ईएक्सई नावाची फाइल दिसते आणि माणूस चक्रावतो, की विंडोजची फाइल इथे कशी? ती मॅकचीच असते. सोर्समध्ये मोठ्या ‘पी’ने सुरू होणारं पायथन नावाचं फोल्डर आधीपासून आहे. मॅकची फाइलसिस्टिम सहसा लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, त्यामुळे त्याच नावाची फाइल शेजारी मावत नाही. म्हणून हे शेपूट. इन्स्टॉल करताना ते गळून पडतं.

गैरसमज 4: सोर्स हातात आहे, मग कुठल्याही जुन्या मशीनवर चालेल.

वस्तुस्थिती: 3.11 पासून पायथनला सी11 समजणारा कंपाइलर लागतो. विंडोज 7 ला आधार देणारी शेवटची आवृत्ती 3.8. कोणत्या सिस्टिमला किती आधार, हे पायथनचे विकासक श्रेणी लावून जाहीर करतात. वरच्या श्रेणीतल्या सिस्टिमवर बिल्ड मोडला तर नवी आवृत्ती अडते, खालच्या श्रेणीत अडत नाही. यादीत नसलेल्या सिस्टिमवर बिल्ड झालाच तर आनंद, नाही झाला तर तक्रार ऐकायला कुणी बांधील नाही.

गैरसमज 5: एकदा बिल्ड केला की ती फाइल कुठेही नेऊन चालवता येते.

वस्तुस्थिती: विंडोज, मॅक आणि लिनक्स यांच्या चालणाऱ्या फाइलींचा साचाच निराळा आहे, तेव्हा एकीकडची दुसरीकडे चालणार नाही, हे उघड आहे. पण लिनक्सवरून लिनक्सवरही अडतं. नव्या उबुंटूवर बांधलेला पायथन तिथल्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या नव्या आवृत्तीवर विसंबतो आणि जुन्या सर्व्हरवर ती नसते. अल्पाइन लिनक्समध्ये तर जीलिबसीऐवजी मसल ही लायब्ररी असते. म्हणून नियम असा, की जिथे चालवायचं त्यांतल्या सर्वांत जुन्या सिस्टिमवर बिल्ड करायचं. पायथनची पॅकेजं बांधणाऱ्यांनी ‘मेनीलिनक्स 2014’ हा दंडक ठरवला तो याच न्यायाने. सेंटओएस 7 वरचं जीलिबसी 2.17 हा त्याचा पाया आहे.

गैरसमज 6: घरी बांधलेला पायथन जास्त वेगवान असतो.

वस्तुस्थिती: बरेचदा उलट होतं. अधिकृत विंडोज इन्स्टॉलरमधला आणि प्रमुख लिनक्स वितरणांतला पायथन आधीच घासूनपुसून वेगवान केलेला असतो. साधं कॉन्फिगर ते काम करत नाही, त्यासाठी ‘इनेबल ऑप्टिमायझेशन्स’ हा पर्याय द्यावा लागतो. तो दिला की मेक आधी एक नोंदी ठेवणारा इंटरप्रिटर बांधतं, त्यावर चाचण्या चालवून कोडच्या कुठल्या वाटा जास्त तुडवल्या जातात ते पाहतं, आणि त्या नोंदी कंपाइलरला देऊन सगळं पुन्हा बांधतं. वेळ अर्थातच कितीतरी जास्त लागतो.

गैरसमज 7: नवा पायथन आला की जुना काढून टाकावा.

वस्तुस्थिती: लिनक्सवर जुना पायथन तुमच्यासाठी नाही, सिस्टिमसाठी असतो. फेडोराचं पॅकेज सांभाळणारं डीएनएफ अनेक वर्षं पायथनवर चाललं. तेव्हा तो काढला तर नवी पॅकेजं टाकायचं साधनच हातून जायचं. ‘मेक इन्स्टॉल’ आपला पायथन एरवी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं, पण ‘पायथन3’ हे नावही घेतं, आणि सिस्टिमच्या काही स्क्रिप्ट चुकून नव्याच्या दारात जाऊन उभ्या राहतात. ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’ ते नाव घेत नाही, फक्त ‘पायथन3.13’ असं आवृत्तीसकट नाव ठेवतं. मग दोघेही सुखाने नांदतात.

गैरसमज 8: सोर्स वाचून स्वतः कंपाइल केलं, म्हणजे आत काय आहे याची खात्री झाली.

वस्तुस्थिती: दही लावायला दह्याचंच विरजण लागतं, तसा कंपाइलर बांधायला आधी कंपाइलरच लागतो. गो भाषेचा कंपाइलर आधी सीमध्ये होता. 2015 मध्ये आलेल्या 1.5 आवृत्तीपासून तो गोमध्येच आहे. आता गो 1.22 बांधायला आधी गो 1.20 हवं, त्याला 1.17, त्याला 1.4. ही साखळी तिथे सीपाशी टेकते. रस्टचा पहिला कंपाइलर ओकॅमलमध्ये होता. आज रस्ट बांधताना मागच्या पायरीचा तयार कंपाइलर उतरवून घेतला जातो. पायथनची साखळी आखूड आहे, पण सी कंपाइलर हे त्याचंही विरजणच.

आणि विरजणच नासकं असेल तर? युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हेच दाखवलं, ते 1984 साली छापून आलं. कंपाइलरमध्ये अशी खोडी लपवता येते, की सोर्स पूर्ण निर्मळ असला तरी तयार होणाऱ्या प्रोग्राममध्ये चोरदरवाजा उतरतो आणि कंपाइलर पुन्हा बांधला तरी खोडी पुढच्या पिढीत जाते. सोर्स कितीही वाचा, तिथे काहीच दिसत नाही.

यावरची एक तोड संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड व्हीलर यांनी तपशीलवार मांडली. कंपाइलरचा सोर्स आधी भलत्याच, त्याच्याशी संबंध नसलेल्या कंपाइलरने बांधायचा, त्यातून जे निघेल त्याने तोच सोर्स पुन्हा बांधायचा आणि हाती आलेली फाइल मूळ फाइलीशी बिट न् बिट ताडून पाहायची. म्हणजे विरजण दुसऱ्या घरून आणायचं आणि दही तेच लागतं का ते बघायचं.