ओहोटी, उतरती कळा आणि गळचेपी

बेळगावहून समुद्र गाठायचा तर घाट उतरावा लागतो. तरी खडेबाजारात गिऱ्हाईक कमी झालं की धंद्याला 'ओहोटी लागली' असंच म्हणतात. हळूहळू कमी होण्यासाठी इंग्रजांनीही समुद्र आणि चंद्रच धरले. त्यांचा 'एब' भरती-ओहोटीतला, 'वेन' कृष्णपक्षातल्या चंद्राचा. आपली 'उतरती कळा'ही चंद्राचीच. गंमत अशी की समुद्र आणि चंद्र दोघेही परत येणारे. 'विदर' म्हणजे वाळून जाणं आणि 'ड्विंडल' म्हणजे रोडावत नाहीसं होणं. त्यांत परतीची सोय नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाने गेली जवळजवळ सत्तर वर्षं आपली स्थिती सांगताना या छटांची भरपूर सरमिसळ केली, आणि माझ्या मते त्यात नुकसान आपलंच झालं.

सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचं घ्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं आणि पुढच्या अनेक निवडणुकांत समितीचे आमदार विधानसभेत जात राहिले. २००८ साली एकही निवडून आला नाही. तेव्हाच 'समिती संपली' म्हणून मोकळे झालेले लोक २०१३ मध्ये दोन आमदार आल्यावर गप्प बसले. मग २०१८ साली शून्य, २०२३ साली पुन्हा शून्य. महापालिकेची निवडणूक २०२१ मध्ये पहिल्यांदाच पक्षचिन्हांवर झाली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपने घेतल्या. निवडून आलेल्यांत मराठी बोलणारे काही कमी नव्हते. ओसरली ती समिती. मराठी मतदार होता तिथेच होता, त्याने फक्त दुसरी खूण पाहून बटण दाबलं.

पाट्यांचं प्रकरण निराळं. तिथे 'ओसरली' म्हणून भागत नाही, कारण तिथे करणारा समोर दिसतो. २०२४ च्या कायदादुरुस्तीने कर्नाटकात दुकानाच्या पाटीचा ६० टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो. खडेबाजार असो, गणपत गल्ली असो, सगळ्यांना तो नियम लागू. त्याआधी जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक प्रशासनाने हटवला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला शहराचं अधिकृत नाव 'बेळगावी' झालं. याला गळचेपी म्हणावं. शब्द चपखल बसतो.

पण मग हाच शब्द आपण सगळ्यालाच लावत सुटलो. मराठी शाळांचा पट कमी झाला, गळचेपी. शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारातला बेळगाव बासमती दिसेनासा झाला, तीही जणू कुणाची तरी कारस्थानं. वास्तविक त्या भाताची गोष्ट साधी आहे. वाण उंच, वाऱ्यापावसात लोळतं, उतारा कमी. जास्त पिकणारी इंद्रायणीसारखी वाणं आली तेव्हा शेतकऱ्याने हिशेब केला. वासाचे पैसे व्यापारी देईना, मग वास कुणासाठी पेरायचा? उरलेल्या शिवारावर शहर पसरलं. हलगा-मच्छे बायपासच्या जमिनीसाठी शेतकरी रस्त्यावर आले ते अलीकडेच. इथे मात्र 'विदर' नाही आणि 'वेन'ही नाही. माणसाने हात आखडला म्हणून वाण मागे पडलं.

वडगाव-खासबागच्या मागांचंही तसंच. हातमाग यंत्रमागाने मागे टाकले आणि यंत्रमागांना सुरतच्या स्वस्त साड्यांनी.

निपाणीत तर उतरण मोजताना तारखाच बोलतात. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनावर ६ एप्रिल १९८१ रोजी गोळीबार झाला. १२ शेतकरी गेले. त्या काळी गावाची ओळख तंबाखू आणि बिडी हीच होती, आणि अनिल अवचटांनी तिथल्या वखारींत काम करणाऱ्या बायांवर लिहिलं ते उगाच नव्हे. पुढे सिगारेट, गुटखा, आरोग्याचे इशारे आले. २०१७ साली बिडीवर २८ टक्के जीएसटी लागला. आता परिसरात ऊस आणि सोयाबीन दिसतो. तंबाखू कमी झाल्याचं दुःख करावं की समाधान, हे वखारीत खोकत बसलेल्या बाईला विचारूनच ठरवावं. ऱ्हास म्हटलं की काहीतरी चांगलं गेलं असं आपण गृहीतच धरतो.

राहिल्या शाळा. गळचेपीची भाषा सर्वांत दुबळी पडते ती इथेच. सीमाभागात कन्नड सक्तीविरुद्ध १९८६ मध्ये रक्त सांडलं, हे विसरायचं कारण नाही. पण आज मराठी शाळेसमोरून इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमध्ये मूल चढवणारे हात मराठी आई-बापांचेच आहेत, आणि असेच हात पुण्यात, कोल्हापुरातही आहेत. 'पट रोडावला' या वाक्यात पट आपोआप रोडावतो. 'आम्ही मुलं काढून घेतली' असं म्हणायला जीभ वळत नाही.

दुसऱ्या बाजूने याच भागात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, गावातच वर्गणी काढून. बेळगावात अखिल भारतीय संमेलन झालं ते १९२९, १९४६ आणि २००० साली. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव १९४६ च्या संमेलनातला, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. ही मोठी नावं अधूनमधून येतात आणि जातात. गावातली ग्रंथदिंडी मात्र भजनी मंडळासह निघते, आणि लेझीम खेळायला मुलं अजून मराठी शाळेतूनच मागवावी लागतात.