टू-स्ट्रोकचा जोर आणि धूर

अलिबाग-मुरूड रस्त्यावरून जुनी यामाहा आरएक्स १०० गेली, की मान न वळवताही कळतं. १९८५ साली आलेल्या या गाडीचं इंजिन ९८ सीसीचं, ताकद सुमारे ११ अश्वशक्ती. त्याच काळातली फोर-स्ट्रोक हीरो होंडा सीडी १०० जवळपास तेवढ्याच सीसीची. ताकद मात्र बरीच कमी. कारण, टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये एकाआड एक.

या जोराची किंमत आधी इंजिन मोजतं. उष्णता जास्त, आणि वंगण म्हणजे पेट्रोलात मिसळलेलं ऑइल, तेही आतच जळणार. ते कमी पडलं की पिस्टन जाम. परदेशातल्या स्नोमोबाईलला निदान थंडी आणि बर्फ गार ठेवतात. डर्ट बाईकच्या नशिबी धूळ. किनाऱ्यावरच्या गाडीला तर वाळू आणि खारी हवा दोन्ही! एअर फिल्टर इथे वरचेवर साफ करावाच लागतो.

दुसरी किंमत माणूस मोजतो. ताजं मिश्रण आत येताना त्यातलं काही न जळताच धुराड्यातून निसटतं. पेट्रोलातलं बेंझिन वर्षानुवर्षं श्वासात गेलं, तर रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. निळ्या धुराने दमेकऱ्याला धाप लागते, ती वेगळीच.

सर्वाधिक झळ मेकॅनिकला. अर्धं शटर ओढून गाडी चालू ठेवली, की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. दुपारचं डोकं दुखणं मग उन्हावर ढकललं जातं. मोकळ्या हवेत ते थांबत असेल, तर गोळी घेत बसू नये. ट्यूनिंगच बाहेर अंगणात करावं.