नजर चेंडूवर, धडक अंगावर
क्रिकेटमधील क्षेत्ररक्षक चेंडू पाहून धावतो. अमेरिकन फुटबॉलमधील 'वाइड रिसीव्हर'ला मात्र तशी मुभा नसते. अनेकदा तो वळण्यापूर्वीच क्वार्टरबॅक चेंडू फेकतो. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या पावलाला तो पोहोचेल, या भरवशावरच ही फेक होते. जेरी राइस यांनी १९८५ ते २००४ या काळात नियमित हंगामांत असे १,५४९ झेल घेतले. मात्र झेपावलेल्या रिसीव्हरला समोरचा बचावपटू दिसतोच असे नाही. १२ ऑगस्ट १९७८ रोजी हंगामपूर्व सामन्यात न्यू इंग्लंडच्या डॅरिल स्टिंगली यांना ओकलंडच्या जॅक टेटम यांची धडक बसली आणि ते कायमचे जायबंदी झाले. पंचांनी दंडही केला नव्हता. आज अशा बेसावध रिसीव्हरच्या डोक्यावर वा मानेवर धडक दिल्यास १५ यार्डांचा दंड होतो.