‘तू फक्त रिपोर्ट बघ!’

फायनल इयरच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये हे हमखास घडतं. तिघं कोडिंग वाटून घेतात आणि चौथ्याला सांगतात, ‘तू फक्त रिपोर्ट बघ.’ हा ‘फक्त’ पुढे आयटी कंपनीतही टेक्निकल रायटरची पाठ सोडत नाही. सॉफ्टवेअर तयार होतं आणि रिलीजच्या आदल्या दिवशी निरोप येतो, ‘जरा लिहून टाक ना.’

आता एक गंमत ऐका. जेफ रास्किन १९७८ मध्ये ॲपलमध्ये रुजू झाले ते मॅन्युअल तयार करणाऱ्या विभागाचे प्रमुख म्हणून. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, याच माणसाने मॅकिंटॉशचा प्रकल्प सुरू केला. नंतर प्रकल्प दुसऱ्यांच्या हाती गेला, मॅकचं रूपही बदललं. पण साध्या माणसाला सहज वापरता येईल असा कॉम्प्युटर हवा, हा हट्ट त्यांचा. आणि हो, रास्किन कॉम्प्युटर सायन्स शिकलेले होते. मशीन आतून कसं चालतं, हे त्यांना कळत होतं.

खरी मेख इथेच आहे. ‘माझं इंग्लिश चांगलं आहे’ एवढ्यावर डेव्हलपर तुम्हाला मानणार नाही. तो मानेल तुमच्या प्रश्नांमुळे. ‘हे फीचर कसं चालतं?’ असं विचारलंत तर तो घड्याळाकडे बघेल. त्याऐवजी आधी स्वतः चालवून बघा आणि मग विचारा, ‘लॉगिनची मुदत संपल्यावर ४०१ एरर येते, पण पुन्हा लॉगिन केलं तरी तीच येते. हे मुद्दाम केलंय की बग आहे?’ आता तो खुर्ची वळवून तुमच्याकडे बघेल. कारण ग्राहकाला सापडण्याआधी तुम्ही त्याची चूक पकडलीत!

दुसरं, त्याच्या घरात जाऊन राहा. गिट आणि मार्कडाउन शिका. लिखाण कोडच्या शेजारीच ठेवा, पुल रिक्वेस्ट पाठवा. वीस पानं एकदम ‘चेक कर’ म्हणून पाठवू नका; ज्या तीन ओळींबद्दल शंका आहे, तेवढ्याच दाखवा. त्याचा वेळ तुम्ही जपलात, तर तोही तुमचा जपेल.

तिसरं, फीचर ठरत असतानाच मीटिंगमध्ये बसा आणि तिथे बोला. एक बटण समजावायला अर्धं पान लागत असेल, तर दोष बहुधा लिखाणात नसतो, बटणात असतो. हे वेळेवर सांगणारा माणूस टीमला हवाच असतो.

गरज तर डेव्हलपरच कबूल करतात. गिटहबच्या २०१७ च्या ओपन सोर्स सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अपुरं किंवा जुनाट डॉक्युमेंटेशन ही मोठी अडचण असल्याचं सांगितलं. पण कोडमध्ये भर घालणाऱ्यांपैकी ६० टक्के जण म्हणाले की ते डॉक्युमेंटेशनला क्वचितच हात लावतात, किंवा लावतच नाहीत. म्हणजे जागा रिकामी आहे.

ती भरायला डिग्री हातात पडायची वाट कशाला बघायची? तुम्ही वापरता ते एखादं ओपन सोर्स टूल निवडा. त्याची रीडमी फाइल उघडा आणि त्यात लिहिलंय अगदी तसंच करत मित्राच्या लॅपटॉपवर ते इन्स्टॉल करा. जिथे अडाल, ती ओळ दुरुस्त करून पाठवा. कुठल्यातरी अनोळखी डेव्हलपरने ती स्वीकारली, की तुमच्या कामाला मिळालेली ती पहिली दाद.